पाच गाठींचं माप

"मोटार वारं वडतीया म्हंजी मोटार बिघडल्याली न्हाई, राहीबाई. हिरीत पाणीच न्हाई. मोटार काय पाणी तयार करती व्हय? ती हाय तेवढं वर आणती."

"ते मला कळतंय की, तात्या. मग पाचाची घे म्हणून कोण म्हणालं हुतं? मी का तुमी?"

आकाराम विहिरीच्या काठावर बसून खाली बघत राहिला. सकाळी सातला राहीबाईनं बटण दाबलं होतं आणि साडेआठलाच पंप भसाभसा वारं ओढायला लागला होता. पाइपाच्या तोंडातनं आधी पाणी आलं, मग चिखल, मग नुसताच उचकी लागल्यासारखा आवाज. आता विहिरीचा तळ उघडा पडला होता. एका कपारीत दोन बेडकं बसली होती.

विहिरीपलीकडं राहीबाईचा दोन एकर ऊस उभा होता. माघातली लागण, आता चैत्र निम्मा सरलेला. गुडघ्याला लागायचा तो ऊस पोटरीखालीच घुटमळत होता आणि वरच्या एकरात पानांची टोकं करपून वळली होती. राहीबाईचा नवरा कृष्णात मिलिटरीत हवालदार, तिकडं पठाणकोटला. वर्षाला एकदा घरी येणार, आल्यावर चार दिवस झोपणार आणि उरलेल्या दिवसांत भाऊबंदांची भांडणं मिटवणार. शेती राहीबाईचीच. विहिरीवर विजेची मोटार घ्यायची हे नवराबायकोनं पत्रापत्री करून ठरवलं. पण ती तीन हॉर्सची घ्यायची का पाचाची, हे त्या दोघांनीही ठरवलं नव्हतं. ते ठरवलं आकारामानं. "पाचाची घे आन् दोन एकर लाव बिनघोर," हे शब्द त्याचेच.

"जयपालशेठ दुपारी येणार हाय," राहीबाई म्हणाली. "मोटार परत घ्या म्हणून निरोप धाडलाय म्या. त्यो म्हणंल, मोटारीत खोट न्हाई. मग खोट कशात हाय ते तुमीच त्याच्या म्होरं सांगायचं. मला बाईमाणसाला त्यो उडवून लावंल."

"सांगतो."

"काय सांगणार?"

"आदी मला कळू दे की बये," आकाराम म्हणाला आणि गुडघ्यावर हात रोवून कष्टानं उठला.

तासगावच्या अंगाला असलेल्या या बोरजाईवाडीत आकारामाला सगळे तात्या म्हणत. वय साठीला टेकलेलं. स्वतःची जमीन बारा गुंठे, तीही कोरडवाहू, माळाला. उभा जन्म गेला तो दुसऱ्यांच्या विहिरींवर मोट हाणण्यात. चौदाव्या वर्षी तो पहिल्यांदा धावेवर, म्हणजे विहिरीच्या काठापासून खाली जाणाऱ्या उतारावर, बैलांमागं उभा राहिला. बैल उताराला लागले की नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसून त्यांच्याबरोबर खाली जायचं, चामड्याची मोट वर येऊन रिकामी झाली की बैलांना उलट्या पावली वर चढवायचं. दिवसाला शे-दीडशे खेपा. मोटेवर माणसं गाणी म्हणतात, असं शहरातले लोक सांगतात. आकारामानं कधी म्हटलं नाही. तोंडात धूळ आणि ढुंगणाला घट्टे, त्यात गाणं कुठनं यायचं?

पण त्या पस्तीस-चाळीस वर्षांत त्याला विहिरी कळायला लागल्या. मोट पाण्यावर आपटल्याचा आवाज ऐकून खाली किती हात पाणी राहिलंय ते तो सांगायचा. ही एका मोटेची विहीर, ही दोन मोटांची, या विहिरीला बारापर्यंत मोट चालवा, मग बैलांना आणि झऱ्याला दोघांनाही विसावा द्या, असा त्याचा हिशेब. गावातल्या कुठल्या विहिरीला झरा कुठल्या अंगानं येतो हे खणणाऱ्यांपेक्षा त्याला जास्त ठाऊक.

मग इंजिनं आली. बहात्तरच्या दुष्काळात गावानं विहिरी आणखी खाली नेल्या, त्याच्या पुढच्या साली रानातनं विजेचे खांब आले, आणि मोटा एकेक करून वळचणीला गेल्या. आकारामाच्या हातातलं काम गेलं. वर्षभर तो दुसऱ्यांच्या भांगलणीला, तण काढायला, जाऊन बसला, बायकांच्या रांगेत. त्याची बायको शालूबाई त्याच रांगेत असायची आणि ती त्याच्या पुढं निघून जायची. रांगेतल्या बायका हसायच्या. "तात्या, बैल हुतं तवा मागं मागं चालायची सवय लागली जनू."

त्याला पुन्हा विहिरीवर आणलं ते जयपालशेठनं. जयपालचं तासगावात मोटारी-पंपांचं दुकान. लोक दुकानात यायचे आणि अडून बसायचे. शेजाऱ्यानं पाचाची घेतली, मला साडेसाताची पायजे. नेऊन बसवायचे, विहीर घटकेत तळाला जायची, पंप कोरडा फिरून जळायचा आणि मग हेच लोक दुकानापुढं येऊन जयपालच्या सात पिढ्या काढायचे. कुणीतरी त्याला आकारामाचं नाव सांगितलं. तेव्हापासून रीतच पडली. मोटार घ्यायची तर आधी आकातात्याला विहीर दाखवायची. तो पाण्याच्या कडेला कोळशानं खूण करायचा, तास-दोन तास बसायचा आणि पाणी किती चढलं ते बोटांनी मोजायचा. तासाला चार बोटं चढली तर तीन हॉर्स. वीतभर चढलं तर पाच. चार बोटांहून कमी चढलं तर, "बाबा, मोटच बरी तुला." त्याला लिहायला येत नव्हतं. म्हणून तो सुतळीच्या तुकड्याला गाठी मारून द्यायचा. तीनाला तीन, पाचाला पाच. माणूस ती सुतळी घेऊन तासगावला जायचा आणि जयपाल गाठी मोजून मोटार काढून द्यायचा. गाठीपुढं कुणी वाद घालत नसे.

एकदा एक जण सात गाठी मारून घ्यायला आला होता. आकाराम त्याला म्हणाला, "हॉर्स म्हंजी घोडं, गड्या. सात घोडी दावणीला बांधलीस तर वैरण कुठनं घालणार? तुझ्या हिरीत वैरण तिघांपुरतीच हाय." ते बोलणं पार इस्लामपूरपर्यंत गेलं. विहिरीमागं मिळायचे पायलीभर जोंधळे. पण भांगलणीची रांग सुटली, हेच त्याला लय झालं होतं. चाळीसभर विहिरी झाल्या. एकही गाठ खोटी पडली नव्हती.

आणि आता ही राहीबाईची विहीर.

आकाराम विहिरीच्या पायऱ्या उतरला. दर पायरीला डावा गुडघा कुरकुरत होता. तळाला साचलेल्या पाण्याच्या कडेला त्यानं कोळशाचा एक फराटा मारला, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि पायरीवरच बसून राहिला. तासाभरानं फराट्यावर बोटं लावली. चार. त्यातलंही चौथं बोट नीटसं भिजलं नव्हतं.

माघात इथंच, याच पायरीवर, वीत चढली होती. त्याला चांगलं आठवत होतं. दोनदा मोजलं होतं. उन्हाळा आहे म्हणून पाणी थोडं कमी होईल, पण वितीची चार बोटं? खालचा झरा काय कुणी चोरून नेला?

तो वर आला तेव्हा कोंडीबा येऊन बसलेला. कोंडीबा कृष्णातचा चुलतभाऊ. त्याची विहीर वरच्या अंगाला, आणि गावात उरलेल्या तीन मोटांपैकी एक त्याची. विजेला तो घाबरायचा, पण बोलताना म्हणायचा, मला तसलं नखरं आवडत न्हाईत. बैल सोडून तो खास तमाशा बघायला आला होता.

"काय तात्या, किती घोडी निघाली?"

"गप बस, कोंडीबा."

"मी गपच हाय. पर तुमाला सांगू का? तवा माघात तुमी माप घ्यायला आला हुता न्हवं, तवा मी वरनं चाललो हुतो. तुमी हितं जांभळीच्या बुडाला आडवं. तोंड उघडं, आन् माशा आत-बाहेर करत्यात! म्हणलं माप झऱ्याचं चाललंय का झोपंचं?"

राहीबाईनं आकारामाकडं बघितलं. कोंडीबाच्या बोलण्यापेक्षा ती नजर त्याला जास्त लागली.

झोप लागली होती, हे खरंच होतं. दोन मोजण्यांच्या मधे त्यानं अंग टाकलं होतं. वय झालंय, बसल्या जागी डोळा लागतो. पण खूण तर खोटी नव्हती. घड्याळही बंद पडलं नव्हतं. का पडलं होतं? का एक तास म्हणून दोन तास झोपलो? चाळीस विहिरी डोळ्यांपुढनं गेल्या आणि त्यातली एकेक आता त्याला संशयाची वाटायला लागली. किती ठिकाणी डोळा लागला असंल?

तो जांभळीखाली जाऊन बसला. माघात बसला होता तिथंच. आज झोप यायचं नावच नव्हतं. ऊन चढत होतं. बांधापलीकडनं आदगोंडाआण्णाच्या तेलाच्या इंजिनाचा आवाज येत होता, पुक पुक पुक पुक, कपाळावर कुणी बोटानं टिचक्या मारत बसावं तसा. या आवाजात माणसाला झोप लागलीच कशी त्या दिवशी?

आकाराम ताडकन उठला. म्हणजे त्याच्या मानानं ताडकन.

"राहीबाई, मी माप घेतलं त्यो वार कुठला हुता?"

"सोमवार. तुमीच म्हणाला की, सोमवारी मोट सुटल्याली आसती, पाणी ढवळायचं न्हाई, माप नीट मिळंल. दुसऱ्या दिशी पुनव हुती, मी उपास धरला हुता म्हणून ध्यानात हाय."

सोमवार महादेवाचा. नंदीचा वार म्हणून सोमवारी गावात कुणी बैल जुंपत नाही. त्या वेळी राहीबाईची मोट बंद होती, तशीच कोंडीबाचीही. एवढं त्याच्या ध्यानात तेव्हाही होतं. पण मोटा किती पाणी ओढणार? खरं ओढणारं होतं ते पलीकडचं इंजिन. आणि इंजिनाला कसला सोमवार?

तो बांध ओलांडून आदगोंडाच्या रानात गेला. मागं राहीबाई, तिच्यामागं कोंडीबा.

आदगोंडा जैनाचा. सत्तरीचा माणूस, अंगात बंडी, गळ्यात टॉवेल, द्राक्षाच्या वेलीखाली वाकून मुळाशी आळी करत होता. आकारामाला बघून सरळ झाला.

"या तात्या. काय, माझ्याबी हिरीला गाठी मारणार काय?"

"आण्णा, माघी पुनवंच्या आदल्या दिशी तुमचं इंजिन चालू हुतं का?"

आदगोंडानं बोटांवर काहीतरी मोजलं. "पुनवंच्या आदल्या दिशी म्हंजी चौदस. चौदशीला आमी इंजिन लावत न्हाई. आठमीला न्हाई, चौदशीला न्हाई. पाण्यात जीव आसत्यात. आमच्या आईनं घातल्याली शपत हाय. का, काय झालं?"

आकाराम खाली बसला. तिथंच, ओल्या आळ्याशेजारी.

चाळीस विहिरी बघितल्या होत्या, पण कोण कुठला वार पाळतो, कुठली तिथ पाळतो, हे बघायचं त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. महादेवाचा वार आणि जैनाची चौदस एका दिवशी आली, रानातली सगळी ओढ थांबली, आणि खडकातलं सगळं पाणी राहीबाईच्या विहिरीत चढलं. त्याच दिवशी तो बोटं लावून बसला होता. वर, सगळं सामसूम म्हणून बेस झोपलाही होता.

"आण्णा," त्यानं विचारलं, "तासभर इंजिन बंद कराल काय?"

"आता? आवं, निम्मी बाग भिजायची राहिलीया!"

"तासभर."

आदगोंडानं राहीबाईकडं बघितलं. ती पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. "राहीअक्का, तुझ्यासाठी करतो हां," असं म्हणून तो इंजिनाकडं गेला. पुक पुक थांबलं आणि रान एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. "तू बी मोट जुपू नगंस," आदगोंडा कोंडीबाला म्हणाला.

"माझी बैलं सोडल्यालीच हाईत. पर सांजच्याला मला मका भिजवायचाय, आदीच सांगतो."

चौघं राहीबाईच्या विहिरीवर येऊन उभे राहिले. आकाराम पुन्हा पायऱ्या उतरला, पुन्हा फराटा मारला. वर कोंडीबानं तंबाखू मळली, आदगोंडानं ती नको म्हटलं. राहीबाई काठावर बसून होती. तासानं आकारामानं बोटं लावली. एकदा. मग दुसऱ्या हाताची.

"आठ," तो खालनं ओरडला.

"मग झालं की!" राहीबाई उभी राहिली. तिच्या तोंडावर सकाळपासनं पहिल्यांदा काहीतरी हललं. "म्हंजी पाणी हाय. आण्णा, तुमी एका दिशी आमी एका दिशी, अशी पाळी लावून घ्यायची का? पूर्वी मोटेच्या पाळ्या लावत हुतीच की मानसं."

आदगोंडानं टॉवेलनं मान पुसली.

"अक्का, खोटं कशाला बोलू. एकाआड एक दिस माझ्या बागंला चालणार न्हाई. आत्ताच छाटणी झालीया, नवी फूट निघाया लागलीया. दुष्काळात तीन महिनं सुरुंग लावून हीर खाली नेली, ती ह्याच्यासाठीच. तुझ्या हिरीपेक्षा माझी दोन पुरुस खोल हाय. पाणी खोलाकडं जातं, त्याला मी काय करू? आठमी-चौदस मी पाळतोच. ते चार दिस तुझं."

"महिन्यात चार दिस," कोंडीबा म्हणाला. "उसाला सांगा, बाबा, आठमीला पानी पी."

"तू बस रं जरा," आकाराम वर येत म्हणाला. त्याला धाप लागली होती. "आण्णा बराबर बोलत्यात. हिरीला जे रोजचं हाय तेच तिचं माप. सणावाराचं नव्हं. मी सणाचं माप घेतलं."

राहीबाई पुन्हा खाली बसली.

जयपालशेठ दीडच्या सुमाराला फटफटीवरनं आला. गोरा, घामानं लाल झालेला, पँटीला चिखल लागू नये म्हणून ती वर दुमडलेली. त्यानं पंप हातानं फिरवून बघितला, वायरी बघितल्या, स्टार्टर बघितला. मग खिशातनं सुतळीचा तुकडा काढला.

"हे बघा. पाच गाठी. मी जपून ठेवतो सगळ्यांच्या. मोटारीला काय झालेलं नाही. कोरडी फिरवू नका म्हणून सांगितलं होतं, तरी पंपाचं पॅकिंग, ग्लँड, जळत आलाय. आता मी ही परत कशी घेऊ?"

"माप चुकलंय," राहीबाई म्हणाली.

"तात्यांचं माप कधी चुकत नाही," जयपाल म्हणाला आणि आकारामाला हाताला धरून जांभळीकडं घेऊन गेला. चार पावलं. तेवढ्यानं आवाज काही लपत नव्हता.

"तात्या, ऐका माझं. बाईनं ऊस जादा लावला असं म्हणा. मोटार ठीक, तुमचं माप ठीक, लागण जादा. ग्लँड मी फुकट बदलून देतो, तीही समाधानी राहील. तुम्ही माप चुकलं म्हणालात तर उद्यापासनं तुमच्या गाठीवर मोटार कोण घेणार? आणि मी तरी कुठल्या तोंडानं देणार? आधीच कंपनीचा माणूस म्हणतोय, सुतळी कसली चालवता, ओव्हरसीयर घ्या."

आकारामाला बसावंसं वाटत होतं. त्याच्यापुढं भांगलणीची रांग उभी राहिली. सरीवर उकिडवं बसायचं, गुडघा वाकत नाही, पुढं बायका निघून गेलेल्या. एक शब्द बोलला की ती रांग पुन्हा सुरू. आणि न बोलून राहिला तर? राहीबाईला कोण विचारतंय. बाईनं ऊस जादा लावला, एवढं सगळ्यांना पटलं असतं. कोंडीबाला तर लगेच.

मोट हाणायचा तेव्हा एकदा एका मालकाचा बैल त्याच्या हातनं धावेवर पडला होता. तेव्हा दोष दुसऱ्या गड्यावर ढकलून तो मोकळा झाला होता. त्या वेळी अंगात जोर होता, खोटं पेलायला जोर लागतो. आता त्याला वाटलं, खरं बोलून टाकलेलं सोपं. पुन्हा पुन्हा आठवत बसायला नको, काय सांगितलं होतं ते.

"शेठ," तो म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "माप माझं चुकलं. मी चौदशीच्या सोमवारी बसलो. आजूबाजूचं सगळं बंद हुतं. दोन एकर लाव म्हणून मीच सांगितलं. बाईची काय चूक न्हाई. हिला तीनाची द्या, ही घेऊन जावा."

जयपालनं सुतळीच्या गाठी बोटानं चाचपल्या.

"बरं. म्हणालात ना तुम्ही, मग घेतो," तो म्हणाला. "चुकलेलं माप माझ्याच दुकानातनं गेलंय. तीनाची परवा येईल. पण तात्या, पुढच्या महिन्यापासनं ओव्हरसीयर येईल विहिरी बघायला. तुम्हाला वाईट वाटून घेऊ नका."

"न्हाई वाटत," आकाराम म्हणाला. "तेवढं त्या सायबाला सांगा, चौदस कवा हाय ते इचारून घ्यायला."

आदगोंडा हसला. जयपाललाही हसू आलं. तोही चौदस पाळणाराच होता.

"तीनाची आली तर दोन एकर भिजंल का?" राहीबाईनं विचारलं. ती सगळ्यांमधे उभी होती, पण विचारत होती ती आकारामालाच.

"न्हाई. तीनाची हळू वडंल, पाण्याला चढायला सवड मिळंल, चिखल यायचा न्हाई, मोटार जळायची न्हाई. पर पाणी वाढत न्हाई, बये. ह्या हिरीवर एक एकर ऊस यील. पाऊस पडंस्तवर तेवढंच."

"आन् दुसरा एकर?"

"सोड."

ती वरच्या रानाकडं बघत राहिली. माघात थंडीत तिनं स्वतः कांड्या पायानं दाबल्या होत्या. सरीतल्या गार पाण्यानं तळवे फुटले होते.

"कुठला सोडू?" तिनं विचारलं.

हेही त्यालाच सांगायचं होतं. आकारामानं दोन्ही एकरांकडं बघितलं. वरचा एकर विहिरीपासून लांब, तिथवर जाताना निम्मं पाणी पाटच पिऊन टाकणार. पण वरची जमीन काळी. खालचा एकर जवळ, मुरमाड. सांगणं सोपं नव्हतं आणि आज त्याचा सांगण्याचा धीरही संपत आला होता.

"वरचा," तो म्हणाला. "पाणी तितवर पोचंस्तवर मरतं."

"आन् हेबी चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं. दोन्ही धरलंस तर दोन्ही जातील, येवढं मातूर खरं."

राहीबाईनं पदर खोचला. कोंडीबाकडं वळून म्हणाली, "भावजी, वरच्या रानातला ऊस वैरणीला कापून न्या. आठ दिसांत न्या, न्हाईतर वाळून जाईल. माझ्या म्हशींपुरता ठेवा."

कोंडीबाचं तोंड उघडं राहिलं. त्यानं तमाशा बघायला यायचं ठरवलं होतं, वैरणीचा भारा मिळेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. "फुकट?" त्यानं विचारलं.

"मग काय इकत? तुमच्याच मोटंनं तर वडलंय त्येचं पानी."

जयपाल निघून गेला. आदगोंडा बांधापलीकडं गेला आणि घटकेत पुक पुक पुन्हा सुरू झालं. राहीबाईनं घरातनं भाकरी आणि ठेचा आणला, तांब्याभर ताकही. आकारामानं काठावर बसून खाल्लं. ती समोर बसून होती. ती मधेच म्हणाली, "ह्यांस्नी पत्र लिवायचं हाय. काय लिवू?"

"लिव की. आकारामानं माप चुकवलं."

"माप तुमी घेतलं ते ह्यांस्नी ठावं न्हाई."

"मग तुला सोपं हाय," आकाराम म्हणाला. त्यानं ताट पुसून घेतलं, ताक प्यायला, मिशी पुसली.

पाचाची मोटार परवा जायची होती. त्याआधी पंप सोडवायचा, आणि पंप सोडवायचा म्हणजे खाली पाइपाच्या शेवटाला असलेला फुटव्हॉल, म्हणजे पाणी अडवणारी झडप, काढायला हवा. तो पाण्याखाली गेला की बुडी मारूनच काढावा लागणार. आता खाली गुडघाभरही पाणी नव्हतं. दिवस मावळला, इंजिन थांबलं की पाणी झपाझप चढणार. गावात फिटर होता, पण त्याला बोलवायला जायचं तर तो जेवून झोपलेला असणार.

"पाना हाय का घरात? मोठा?" आकारामानं विचारलं.

राहीबाईनं गोठ्यातनं पाना आणून दिला. आकारामानं धोतराचा काचा वर खोचला, पाना कंबरेला अडकवला आणि भिंतीला हात देत, डावा पाय आधी टाकत, एकेक पायरी करत विहिरीत उतरायला लागला.